रात्रीची थ्री फेज

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद आहे. तिथल्या, किंवा खरं तर मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात, रात्री थ्री फेज येते तेव्हा विहिरीवर माणूस नसतानाही मोटार सुरू होऊ शकते. स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेला असला म्हणजे झालं. लाईट आली की ऑटो आपणहून मोटार चालू करतो. शेतकऱ्याला अंधारात बॅटरी घेऊन बांधावरून जावं लागत नाही, साप-विंचवाची भीती टळते. ज्याने जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता गव्हाला पाणी दिलं आहे, त्याला या एवढ्याशा डबीचं मोल सांगावं लागत नाही.

पण एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस मोटारी असतील आणि सगळ्यांना ऑटो असेल, तर लाईट येण्याच्या एकाच क्षणी त्या सगळ्या उठतात. पंपाची मोटार चालू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. दहा तास पाणी उपसताना जो डीपी तग धरेल, तो या काही सेकंदांत मोडतो. फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, आणि दुसरा येईपर्यंत उभं पीक सुकतं. महावितरण शेतकऱ्यांना ‘ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं पुन्हापुन्हा सांगतं ते यासाठीच.

या प्रकरणाचा विषय सर्व्हर आहे. तरी सुरुवात डीपीपासून केली, कारण सर्व्हर सांभाळणाऱ्याची बहुतेक दुखणी या डीपीत आधीच दिसतात. एकूण भार किती, हा प्रश्न मोठा असतोच. पण तो कोणत्या क्षणी पडतो आणि त्या क्षणी आणखी कोण ताटकळत उभं आहे, हा प्रश्न त्याहून मोठा असतो.

आता शिवारातून गावात येऊ. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात पीक विमा सुरू केला. मुदत ३१ जुलैची होती, ती पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. राज्यभरातून दीड कोटीहून जास्त अर्ज आले. अशा मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रावरचं चित्र मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हातात आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ घेतलेली माणसं सकाळपासून दारात बसलेली. आत एक तरुण संगणकाकडे बघतोय, पडद्यावर चक्री फिरतेय.

“भाऊ, किती वेळ लागंल?”

“मामा, सर्व्हर डाउन आहे. फिरतंय नुसतं. ओटीपी आला का बघा बरं.”

“आला होता, पण आता चालत नाही म्हणतंय.”

‘सर्व्हर डाउन’ हे शब्द आता रोजच्या मराठीत रुळले आहेत. रेशन दुकानात, तलाठ्याकडे, बँकेत, सगळीकडे ऐकू येतात. पण पुष्कळदा सर्व्हर बंद पडलेला नसतो. तो चालू असतो, मान मोडून काम करत असतो. फक्त मामांचं काम करत नसतो. ते सोडून दुसरं काय करत असतो, हे पाहणं म्हणजे पडद्यामागच्या कामांची ओळख करून घेणं.

समजा, अशा एखाद्या सेवेचा एक सर्व्हर आहे. मामांचा अर्ज नोंदवणं हे त्याचं समोरचं काम. त्याखेरीज तो दिवसभर न दिसणारी कामं करतो: माहितीची दुसरी प्रत काढून ठेवणं म्हणजे बॅकअप, नोंदवह्या गुंडाळून बाजूला ठेवणं, शोध जलद व्हावा म्हणून सूची नव्याने बांधणं, व्हायरस तपासणी, जिल्हावार अहवाल, पावतीची पीडीएफ, एसएमएस. यातलं एकही काम फालतू नाही. बॅकअप नसलेला सर्व्हर म्हणजे कडेला भिंत नसलेली विहीर. चालते तोवर चालते. म्हणून ही कामं बंद करून टाकू, हा उपाय मला कधीच पटलेला नाही. घाईच्या दिवशी बंद केलेला बॅकअप पुढे सुरू करायचा राहून जातो, आणि ते नेमकं डिस्क गेल्यावर लक्षात येतं.

सर्व्हरवर भार किती आहे हे पाहायची जुनी रीत म्हणजे ‘अपटाइम’ ही आज्ञा. ती तीन आकडे दाखवते, त्यांना लोड अ‍ॅव्हरेज म्हणतात: गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार. पुष्कळजण हे टक्के समजतात, आणि घोटाळा तिथे सुरू होतो. तो आकडा माणसं मोजल्यासारखा आहे. या घडीला किती कामं प्रोसेसरवर चालू आहेत आणि किती पाळीची वाट पाहताहेत, त्यांची ती सरासरी. सर्व्हरला चार कोअर असतील, तर चार टेबलांचं कार्यालय समजा. आकडा ३ असेल तर एक टेबल रिकामं. ४ असेल तर सगळी टेबलं भरलेली. १२ असेल तर चार जणांचं काम चाललंय आणि आठ जण मागे उभे. सोळा कोअरच्या सर्व्हरवर तोच १२ निवांतपणाचा आकडा ठरतो. तिन्ही आकडे एकापाठोपाठ वाचले की दिशाही कळते. १२, ७, ३ असं दिसलं तर गर्दी आत्ता वाढते आहे. ३, ७, १२ असेल तर ओसरते आहे.

लिनक्समध्ये याला एक वेगळं वळण आहे आणि ते माहीत नसलं तर अनुभवी माणूसही फसतो. १९९३ पासून लिनक्स या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्यांबरोबर डिस्कची वाट पाहणारी, मध्येच उठवता न येणारी कामंही धरतं. त्यामुळे लोड २० दिसतो आणि प्रोसेसर मात्र बराचसा मोकळा असतो. सेवा केंद्रात संगणकापुढे कुणी नाही, पण झेरॉक्सच्या मशीनसमोर वीस माणसं खोळंबलीत, तसं. तिथे दुसरा संगणक आणून काय होणार? ‘टॉप’ ही आज्ञा दिली तर वरच्या ओळीत डिस्कसाठी ताटकळण्याचा वाटा वेगळा दिसतो. तो मोठा असेल तर संशय आधी बॅकअपवर घ्यावा.

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती थोडी गणिताची आहे, पण अंगठ्याने पेरं मोजावीत इतकी सोपी. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर एरलांग नावाचा गणिती होता. फोन लावणाऱ्यांना किती वेळ ताटकळावं लागेल आणि त्यासाठी किती तारा लागतील, याचा त्याने विचार केला आणि १९०९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. रांगांच्या शास्त्राचा तो पाया मानतात. त्या शास्त्राचा अगदी साधा नमुना असा: एकच टेबल आहे, माणसं हवी तेव्हा येतात आणि एकट्या माणसाचं काम सरासरी एका मिनिटात होतं. टेबल निम्मा वेळ गुंतलेलं असेल, तर येणाऱ्याला रांगेसकट सरासरी दोन मिनिटं लागतात. ८० टक्के गुंतलेलं असेल तर पाच मिनिटं. ९० टक्क्यांना दहा. ९५ टक्क्यांना वीस.

हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत भार वाढला तेव्हा तीनच मिनिटं वाढली. ९० वरून ९५ झाला तेव्हा दहा वाढली. आता मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर ८५ टक्के गुंतलेला आहे असं धरा. मिनिटाच्या कामाला पावणेसात मिनिटं लागताहेत. त्यात कुणी ‘अहवाल काढ, दहाच टक्के भार आहे’ म्हणून एक काम सोडलं. पावणेसाताची वीस मिनिटं झाली. तोच अहवाल पहाटे तीनला सोडला असता तर कुणाला जाणवलाही नसता. पडद्यामागच्या कामाला स्वतःचं असं वजन नसतं, ते वेळेवर ठरतं. राजूरच्या गणपतीला अंगारकीला सगळा तालुका लोटतो. त्या दिवशी राजूरच्या रस्त्यावर कुणी खडी टाकायला काढत नाही; यासाठी कुणाला गणित शिकवावं लागलेलं नाही.

मग काय करायचं? पहिली पायरी म्हणजे कामाला प्रश्न विचारायचा: तुझी वाट पाहत कुणी उभं आहे का? पडद्यामागची सगळी कामं एका मापाची नसतात, हे इथे उघड होतं. एसएमएस पाठवणं हे पडद्यामागचं काम, पण मामांचा ओटीपी हाही एसएमएसच. ‘अर्ज भरण्याची मुदत वाढली आहे’ असे लाखो संदेश आणि ओटीपी एकाच रांगेत घातले, तर ओटीपी त्या लाखांच्या मागे उभा राहतो. तो मामांच्या फोनवर पोचतो तेव्हा त्याची काही मिनिटांची मुदत संपलेली असते. मग नवा ओटीपी मागायचा, तो पुन्हा त्याच रांगेच्या शेवटी. संगणकात काही बिघडलेलं नसताना माणसाचा दिवस जातो. दोन रांगा केल्या की हे टळतं. वाट पाहणाऱ्याची रांग वेगळी, सावकाशीची वेगळी. इतकी साधी गोष्ट. तरी मला ती सगळ्या उपायांत वरची वाटते.

युनिक्सच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनची एक आज्ञा आहे, ‘नाइस’. नावाचा अर्थ सौजन्य. प्रत्येक कामाला उणे २० पासून १९ पर्यंत सौजन्याचा आकडा असतो. जितका मोठा, तितकं ते काम इतरांना पुढे जाऊ देतं. साधा वापरकर्ता आपल्या कामाचं सौजन्य वाढवू शकतो. ते कमी करून पुढे घुसायचा अधिकार फक्त मुख्य प्रशासकाला. सौजन्य १९ असलेलं काम आणि नेहमीचं शून्यावरचं काम एकाच कोअरसाठी झगडले, तर लिनक्सच्या हिशेबात त्यांची वजनं १५ आणि १०२४ अशी असतात. म्हणजे पहिल्याला जेमतेम दीड टक्का वाटा. पण दुसरं थांबलं की त्याला पूर्ण कोअर मोकळा. त्याला मनाई केलेली नसते. दुसरा आला की ते बाजूला होतं, एवढंच.

महाराष्ट्राने हे सौजन्य विजेत करून पाहिलं आहे. भारनियमनाच्या कठीण वर्षांत अक्षय प्रकाश योजना आली होती. गावाने आपणहून ठरवायचं की संध्याकाळी मागणी टिपेला असताना शेतीपंपासारखा जड भार लावायचा नाही. बदल्यात त्या वेळी गावातले दिवे चालू राहतील, पोरांना अभ्यास करता येईल. अशी व्यवस्था शब्दावर चालते. एकाने चोरून मोटार लावली की शेजाऱ्यालाही मोह होतो. नाइसचंही तेच. ज्याने आपल्या कामाला १९ दिलं त्याचं काम नमतं घेतं. ज्याने दिलं नाही, त्याला ती आज्ञा काही करू शकत नाही.

शिवाय नाइस फक्त प्रोसेसरपुरतं आहे. बॅकअपचा खरा भार डिस्कवर असतो. कितीही सौजन्याने चालवला तरी तो डिस्क अडवून बसतो, आणि शेकडो जीबी वाचताना मेमरीत साठवलेली रोजच्या कामाची पानं बाहेर ढकलतो. तो संपल्यावरही काही वेळ सर्व्हर मंद वाटतो, कारण ती पानं पुन्हा डिस्कवरून आणावी लागतात. त्यासाठी ‘आयओनाइस’ आहे. त्यात एक वर्ग असा की डिस्क दुसऱ्या कुणाला नको असेल तेव्हाच या कामाने ती वापरायची. मात्र डिस्कच्या पाळ्या लावणारी व्यवस्था हे वर्ग मानणारी हवी. ती मानत नसेल, तर आज्ञा बिनतक्रार चालते आणि फरक काहीच पडत नाही. म्हणून आज्ञा दिल्यावर परिणाम डोळ्यांनी पाहावा.

शब्दावर भागत नाही तेव्हा तार वेगळी काढावी लागते. महाराष्ट्रात गावठाणाचा फिडर आणि शेतीचा फिडर वेगळा करायचं काम झालं ते यासाठीच. दोन्ही एका तारेवर होते तेव्हा शेतीची वीज बंद करायची तर गावही अंधारात जायचं. वेगळे झाल्यावर शेतीला ठरल्या तासांची थ्री फेज देता येते आणि गावातले दिवे, गिरणी, दवाखाना त्यापासून सुटे राहतात. लिनक्समध्ये या वेगळ्या तारेला ‘सीग्रुप’ म्हणतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००८ च्या सुरुवातीला ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. बॅकअप, अहवाल, सूची ही सगळी कामं एका गटात घालायची आणि गटाला मर्यादा द्यायची: प्रोसेसर इतका, मेमरी इतकी, डिस्क इतकी. गटातल्या कामाने शंभर पिल्लं काढली तरी ती त्याच मर्यादेत राहतात. नाइसमध्ये ही सोय नाही. तिथे शंभर पिल्लं म्हणजे शंभर हात. मर्यादा दोन तऱ्हेची असते. एक वाट्याची, म्हणजे गर्दी असेल तेव्हाच लागू होणारी. दुसरी काटेकोर छताची, बाकी सगळं रिकामं असलं तरी वर जाऊ न देणारी. बॅकअपसाठी मी वाट्याची मर्यादा निवडेन. छत घातलं तर तो रात्री विनाकारण रेंगाळतो आणि सकाळी दहाला, केंद्रं उघडतात तेव्हा, अजून चालूच असतो.

वेळेचा विषय निघाला की ‘क्रॉन’पाशी यावं लागतं. युनिक्सच्या जुन्या काळापासून ठरल्या वेळी काम सुरू करणारा हा पहारेकरी सर्व्हरवर आहे. तो सर्व्हरचा ऑटो. रात्री बारा ही सगळ्यांची आवडती वेळ. बॅकअप बाराला, अहवाल बाराला, तपासणी बाराला. एका मोठ्या यंत्रावर पन्नास सर्व्हर नांदत असतील, तर पन्नासांचे पहारेकरी त्याच सेकंदाला जागे होतात, आणि पंधरा-वीस मोटारींनी डीपीचं जे केलं ते डिस्कचं होतं. यावरचा उपाय फुकटचा आहे. बाराऐवजी एकाला बारा-सात, दुसऱ्याला एक-तेवीस अशी आडवळणाची मिनिटं द्यायची. क्रॉनचंच काम करणारी सिस्टमडी वापरत असाल तर सुरुवातीला थोडा यादृच्छिक उशीर लावायची सोयच आहे.

रात्र कुणाची, हेही पाहायला हवं. घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर ठेवलेल्या सर्व्हरची मध्यरात्र हसनाबादला हिवाळ्यात सकाळी साडेदहाला उजाडते, उन्हाळ्यात साडेनऊला. केंद्राचं शटर वर जातं आणि तिकडे बॅकअप सुरू होतो. हे कळायला कधीकधी महिने जातात, कारण नोंदवहीत ‘०० वाजून ०० मिनिटं’ असंच लिहिलेलं असतं आणि वाचणारा निर्धास्त राहतो.

दुसरा धोका एकावर एक कामं चढण्याचा. दर पाच मिनिटांनी चालणारं काम घाईच्या दिवशी सात मिनिटं घेऊ लागलं, तर पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. आता दोघं एकमेकांना मंद करतात, म्हणून दहा मिनिटं लागतात. तोवर तिसरं येतं. तासाभरात तीच मोटार दहा वेळा सुरू केल्यासारखी अवस्था होते. ‘फ्लॉक’ या आज्ञेने कामाला कुलूप लावता येतं: आधीचं आत असेल तर नव्याने दारातूनच परत जायचं. ‘बॅच’ नावाची आणखी एक जुनी आज्ञा काम ठरल्या वेळी सुरू न करता लोड उतरायची वाट पाहते. लिनक्सवर ती सहसा लोड १.५ च्या खाली आल्यावर काम सोडते. सोळा कोअरच्या यंत्रावर हा आकडा इतका लहान आहे की काम दिवसेंदिवस सुरूच होणार नाही. तो यंत्राप्रमाणे वाढवून घ्यावा लागतो.

बाहेरच्या बाजूलाही एक ऑटो असतो, आणि तो म्हणजे आपलं बोट. चक्री फिरत राहिली की केंद्रातला तरुण पान पुन्हा उघडतो, मग दुसऱ्या टॅबमध्ये, मग मोबाइलवर. त्याच्या लेखी पहिला अर्ज गेला. सर्व्हरच्या लेखी तो अजून जिवंत आहे. मागे कुणी उभं नसलेल्या अर्जासाठी तो डिस्क खणत बसतो. त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. दारात चाळीस माणसं असताना कुणीही हेच करील. हे सर्व्हरनेच हाताळायला हवं: सोडून दिलेलं काम ओळखून टाकून देणं, आणि पडद्यावर नुसती चक्री न दाखवता ‘तुम्ही रांगेत आहात’ असं सांगणं. यंत्रं एकमेकांशी बोलतात तिथे यावर जुना तोडगा आहे. मूळच्या इथरनेट या जाळ्यात दोन यंत्रांचे संदेश एकमेकांवर आदळले की प्रत्येक यंत्र यादृच्छिक वेळ थांबायचं. पुन्हा आदळले तर थांबण्याची मर्यादा दुप्पट. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी १९७६ मध्ये ही रीत लिहून ठेवली. शेतातल्या मोटारींना वेगवेगळ्या उशिराचे टायमर लावले तर डीपीही तसाच वाचतो.

रात्रीच्या पाळीची एक किंमत असते आणि ती कुणीतरी मोजतं. विजेची मागणी कमी म्हणून शेतीला रात्री थ्री फेज दिली गेली. ग्रिडचा भार सपाट झाला, आणि त्यासाठी माणूस थंडीत, अंधारात पाण्यावर उभा राहिला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली ती शेतीच्या फिडरला दिवसा, सूर्याच्या विजेवर चालवण्यासाठी. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. म्हणजे ज्या भाराला वर्षानुवर्षं रात्रीकडे ढकललं, त्याला आता दुपारकडे आणायचं चाललं आहे, कारण वीज स्वस्तात मिळण्याची वेळच बदलली.

सर्व्हरच्या जगातही हेच घडतं आहे. २०२० मध्ये गूगलने जाहीर केलं की व्हिडिओवर प्रक्रिया करण्यासारखी, कुणी वाट पाहत नसलेली कामं त्यांची केंद्रं आता ऊन आणि वारा भरपूर असण्याच्या तासांकडे सरकवतात. पडद्यामागच्या कामाला घाई नसते, हाच त्याचा गुण. त्यामुळे ते मध्यरात्री चालेल, पहाटे चालेल, किंवा हसनाबादच्या शिवारात दुपारी बाराला विहिरीवर मोटार सुरू होते आणि शेतकरी उजेडात दांडाला पाणी लावतो, त्याच तासालाही चालेल.